एका तोफेचं जहाज : 'बेंगॉल', 'ओन्डिना' आणि काफिल्यांचं गणित

दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय नौदलाचा विषय निघाला की 'एचएमआयएस बेंगॉल'ची गोष्ट हटकून सांगितली जाते. एक चिमुकलं जहाज, त्यावर एकच मोठी तोफ. समोर दोन धिप्पाड जपानी जहाजं. चकमक झाली आणि दोघांपैकी एक जपानी जहाज समुद्राच्या तळाशी गेलं. गोष्ट खरी आहे आणि ऐकताना छाती फुगते, हेही खरं. पण ती सांगताना एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही : 'बेंगॉल' त्या दिवशी तिथे कशाला गेली होती?

शत्रूला शोधायला नक्कीच नाही. 'ओन्डिना' नावाचं एक डच तेलवाहू जहाज ऑस्ट्रेलियातून हिंदी महासागर ओलांडून निघालं होतं. त्याला सुखरूप पोचवायचं, एवढंच तिचं काम होतं. इंग्रजीतलं 'एस्कॉर्ट' म्हणजे आपल्या भाषेत राखणदार जहाज. राखणदाराच्या कामगिरीचं माप वेगळं असतं. शत्रूचं काय झालं हे नंतर बघायचं, आधी ज्याची राखण करायची तो माल पोचला का, हे बघायचं. या मापाने पाहिलं तर 'बेंगॉल'ची गोष्ट जरा वेगळी दिसते, आणि मला तरी जास्त मजेशीर वाटते. पण त्याआधी काफिला म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं.

एकत्र का जायचं?

व्यापारी जहाजांनी घोळक्याने निघायचं आणि सोबत लढाऊ गलबतं ठेवायची, ही कल्पना कोकण किनाऱ्याला जुनी आहे. कान्होजी आंग्र्यांच्या काळात मुंबईकर इंग्रज आपली व्यापारी जहाजं अशीच सोबत देऊन पाठवत असत. तोफा आणि वल्ही असलेल्या गलबतांच्या जागी पाणबुडी आली, तेव्हा मात्र लोकांना शंका वाटू लागली. चाळीस जहाजं एकत्र पाठवली तर शत्रूला चाळीस सावजं एकाच जागी मिळतील. त्यापेक्षा एकेकटी, वेगवेगळ्या वाटांनी गेलेली काय वाईट?

उत्तर समुद्राच्या आकारात आहे. एकटं जहाज पाणबुडीला फार तर पंधरा-वीस किलोमीटरवरून दिसतं. चाळीस जहाजांचा काफिला त्याहून थोड्या जास्त अंतरावरून दिसेल, पण चाळीस पट अंतरावरून दिसणार नाही. म्हणजे शोधायला दोन्ही जवळपास सारखेच अवघड. चाळीस जहाजं सुटी निघाली तर पाणबुडीला चाळीस वेळा संधी मिळते. एकत्र निघाली तर एकदाच, आणि तेवढा भाग सोडला तर बाकीचा समुद्र रिकामा. शिवाय गाठ पडलीच तरी पाणबुडीकडे टॉर्पेडो मोजकेच असतात. जर्मनांची सर्वाधिक वापरली गेलेली सातव्या प्रकारची पाणबुडी चौदा टॉर्पेडो घेऊन निघायची. पहिला फुटला की राखणदार अंगावर येतात, मग उरलेले डागायला निवांतपणा मिळत नाही.

ब्रिटिश नौदलासाठी काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटाने आकडे मांडून आणखी एक गोष्ट दाखवली. छोट्या काफिल्यावर हल्ला झाला किंवा मोठ्या काफिल्यावर, बुडणाऱ्या जहाजांची संख्या साधारण तेवढीच राहते. म्हणून काफिला जितका मोठा, तितकं त्यातल्या प्रत्येक जहाजाला भय कमी. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. चौकोनी शेत चौपट झालं तरी कुंपण दुप्पटच लागतं. जहाजं चौपट झाली तरी भोवतीच्या राखणीचा घेर दुप्पटच होतो, म्हणजे तेवढीच राखणदार जहाजं जास्त जहाजांना पुरतात. तोवर साठच्या वर जहाजं एका काफिल्यात घ्यायची नाहीत, असा नौदलाचा दंडक होता. १९४३ मध्ये तो सैल झाला. (हेच ब्लॅकेट पुढे स्वतंत्र भारताच्या संरक्षण-विज्ञानाबाबत नेहरूंचे सल्लागार होते. त्यांचा हा भारतीय अध्याय आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही.)

काफिल्याची रचनाही विचारपूर्वक असायची. जहाजं लांबलचक रांगेत जात नसत. अनेक आखूड रांगा शेजारी शेजारी ठेवून रुंद आणि उथळ आयत केला जाई. टॉर्पेडोचा हल्ला सहसा बाजूने होतो, आणि आखूड रांगेमुळे बाजूने उघडी पडणारी जहाजं थोडी राहतात. तेलवाहू आणि दारूगोळा नेणारी जहाजं मधे. काळा धूर काढायचा नाही, कचरा समुद्रात टाकायचा नाही, रात्री एकही दिवा दिसता कामा नये. आणि सगळ्यांचा वेग सर्वात मंद जहाजाएवढा. वेगवान जहाजांच्या कप्तानांना हा शेवटचा नियम किती जाचत असेल, याची कल्पना करता येते.

राखणदाराच्या हातात काय असायचं

पाण्याखालची पाणबुडी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती कानांनी शोधायची. त्यासाठी 'अ‍ॅस्डिक' नावाचं यंत्र होतं. जहाजाच्या तळातून आवाजाचा एक ठोका पाण्यात सोडायचा. तो पाणबुडीवर आपटून परत आला की लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं. आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो. प्रतिध्वनी दोन सेकंदांनी आला, तर पाणबुडी दीड किलोमीटरवर. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात खडक, माशांचा थवा, बुडालेलं जहाज, सगळेच प्रतिध्वनी देतात. त्यातला पाणबुडीचा कोणता, हे ओळखायला तासन् तास हेडफोन लावून बसलेला तयार कानाचा माणूस लागतो.

आपल्या समुद्रांत अडचण आणखी मोठी होती. उष्ण प्रदेशात वरचं पाणी तापलेलं आणि खालचं थंड असतं. बंगालच्या उपसागरात तर गंगा-ब्रह्मपुत्रा आणि इरावतीचं गोडं पाणी वर पसरून आणखी एक थर तयार करतं. या थरांच्या सीमेवर आवाज वाकतो. पाणबुडी थराखाली शिरली की ती जवळ असूनही ऐकू येईनाशी होते.

आणि ऐकू आली तरी काय? हत्यार होतं डेप्थ चार्ज. स्फोटकांनी भरलेलं पिंप जहाजाच्या मागच्या टोकावरून पाण्यात ढकलायचं, ठरवलेल्या खोलीवर ते फुटतं. ते टाकायला जहाजाला पाणबुडीच्या डोक्यावरून जावं लागतं, आणि शेवटच्या दीडदोनशे मीटरमध्ये अ‍ॅस्डिकचा संपर्क तुटतो. पिंप सेकंदाला साधारण तीन मीटर बुडतं. नव्वद मीटर खोल जायला अर्धा मिनिट. तेवढ्यात सावकाश चालणारी पाणबुडीही साठेक मीटर सरकलेली असते, आणि पोलाद फुटायला स्फोट दहा मीटरच्या आत व्हावा लागतो. थोडक्यात, नेमक्या क्षणी राखणदार आंधळा आणि बहिरा. पुढे 'हेजहॉग' आलं. चोवीस छोटे बॉम्ब जहाजाच्या पुढे फेकणारं हे हत्यार पाणबुडीला लागलं तरच फुटायचं. चुकलं तर शांतता, आणि अ‍ॅस्डिकचा संपर्क शाबूत.

रात्री पाण्यावर आलेल्या पाणबुडीपुढे अ‍ॅस्डिकचा काहीच उपयोग नसे. तिथे रडारच हवं. शिवाय पाण्यावर जर्मन पाणबुडी सतरा नॉटने (तासाला सुमारे एकतीस किलोमीटर) पळायची, आणि तिचा पाठलाग करणारी कॉर्व्हेट, म्हणजे छोटं राखणदार जहाज, पंधरा-सोळा नॉटने.

हे सगळं लक्षात ठेवा, कारण 'बेंगॉल' अशीच कॉर्व्हेट होती. पाणबुडी हुसकावायची आणि सुरुंग काढायचे, एवढ्यासाठी बांधलेली. आणि त्या दिवशी तिच्यासमोर पाणबुडी आलीच नाही.

१९४२ सालचा हिंदी महासागर

त्या वर्षीचा एप्रिल आठवा. ५ तारखेला जपानी विमानवाहू जहाजांनी कोलंबोवर हल्ला केला, ९ तारखेला त्रिंकोमालीवर. मधे ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बॉम्ब पडले. त्याच दिवशी ब्रह्मदेशातल्या अक्याबजवळ रॉयल इंडियन नेव्हीचं, म्हणजे तेव्हाच्या भारतीय नौदलाचं, 'इंडस' हे स्लूप (राखणीच्या कामाचं लढाऊ जहाज) विमानहल्ल्यात बुडालं. बंगालच्या उपसागरात एकाकी फिरणारी वीसहून अधिक व्यापारी जहाजं दोन-तीन दिवसांत गेली. ब्रिटिशांचं पूर्वेकडचं आरमार मागे सरकून आफ्रिकेच्या किनाऱ्याला टेकलं.

अशा वेळी राखणीला जहाजं आणायची कुठून? अटलांटिकला तर ती पुरतच नव्हती. एक वाट ऑस्ट्रेलियातून निघाली. तिथल्या गोद्यांनी 'बाथर्स्ट' वर्गाच्या साठ कॉर्व्हेट बांधल्या, त्यांतल्या चार रॉयल इंडियन नेव्हीसाठी : 'बेंगॉल', 'बॉम्बे', 'मद्रास' आणि 'पंजाब'. छप्पन्न मीटर लांबी, पाऊणशे-ऐंशी माणसं, पंधरा नॉट वेग. यांतली 'बॉम्बे' ३१ मे १९४२ च्या रात्री सिडनी बंदरातच होती, जेव्हा जपानी बुटक्या पाणबुड्या आत घुसल्या. 'बेंगॉल' सिडनीच्या कॉकाटू बेटावरच्या गोदीत तयार झाली आणि ऑगस्ट १९४२ मध्ये नौदलात दाखल झाली. तिच्यावर ७६ मिलिमीटरची एक तोफ, विमानांसाठी काही ऑर्लिकॉन तोफा, आणि डेप्थ चार्ज. कप्तान होते लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन. बहुतेक खलाशी भारतीय.

५ नोव्हेंबरला 'बेंगॉल' आणि 'ओन्डिना' पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरातून निघाली. मुक्काम हिंदी महासागरातलं दिएगो गार्सिया बेट, तिथून टँकरने पुढे इराणच्या आखातात तेल भरायला जायचं होतं. एक टँकर, एक राखणदार. काफिला म्हणायलाही संकोच वाटावा, पण त्या महासागरात तेव्हा एवढंच परवडत होतं.

'होकोकू मारू' आणि 'आइकोकू मारू'

ही दोन्ही जहाजं मुळात प्रवासी आणि मालवाहू. प्रत्येक सुमारे साडेदहा हजार टनांचं. जपानी नौदलाने ती ताब्यात घेऊन त्यांवर १४० मिलिमीटरच्या तोफा, टॉर्पेडोच्या नळ्या आणि टेहळणीची जलविमानं बसवली. वेग एकवीस नॉट. काम एकच : एकट्यादुकट्या व्यापारी जहाजाला गाठायचं, जमलं तर पकडायचं, नाही तर बुडवायचं. मे १९४२ मध्ये त्यांनी 'जेनोटा' हे डच टँकर असंच पकडलं होतं. त्याचं नाव बदलून ते जपानी नौदलाच्या सेवेत लावण्यात आलं. टँकर म्हणजे तेलही आणि टँकरही, दोन्ही फुकट. 'ओन्डिना'ही त्याच डच कंपनीच्या ताफ्यातली. ती दिसल्यावर जपानी कप्तानांच्या मनात काय आलं असेल, ते सांगायला नको.

११ नोव्हेंबरला दुपारच्या सुमारास, कोकोस बेटांच्या नैऋत्येला, 'बेंगॉल'वरून एक मोठं जहाज दिसलं. थोड्या वेळाने दुसरं.

आता विल्सन यांच्या डोक्यातलं गणित मांडून बघू. टँकरचा वेग बारा नॉट, म्हणजे तासाला बावीस किलोमीटर. आपला पंधरा, म्हणजे अठ्ठावीस. त्यांचा एकवीस, म्हणजे जवळपास एकोणचाळीस. पळून सुटका नाही. अ‍ॅस्डिक आणि डेप्थ चार्ज निरुपयोगी. एक तोफ, तीही त्यांच्या तोफांच्या निम्म्या तोंडाची. मग राखणदाराकडे एकच गोष्ट उरते, वेळ विकत घेणं. शत्रूचं लक्ष आपल्याकडे वळवायचं, तेवढ्यात टँकर क्षितिजापार गेला तर गेला. विल्सन यांनी 'ओन्डिना'ला दूर जाण्याचा इशारा दिला, भेटीचं ठिकाण ठरवलं आणि 'बेंगॉल'ची नाळ सरळ शत्रूकडे वळवली.

हा उतावळेपणा नव्हता, काफिल्याच्या राखणीचा तो जुना धडाच होता. दोन वर्षांपूर्वी अटलांटिकमध्ये 'जर्व्हिस बे' या जहाजाने 'अ‍ॅडमिरल शेअर' या जर्मन युद्धनौकेपुढे हेच केलं. 'जर्व्हिस बे' बुडालं, कप्तान गेले, पण सदतीस जहाजांच्या काफिल्यातली बहुतेक पांगून वाचली. राखणदाराच्या मापाने ते यश.

'ओन्डिना'चे कप्तान विलेम होर्समन यांनी मात्र हिशोब वेगळा केला. बारा नॉटने आपण कुठे जाणार? त्यांच्या टँकरच्या मागच्या अंगाला १०२ मिलिमीटरची एक तोफ होती, 'बेंगॉल'च्या तोफेपेक्षा मोठी. गोळे बत्तीस. टँकरनेही तोंड दिलं. अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास, म्हणजे समुद्री लढाईत अगदी अंगाशी.

'होकोकू मारू' पुढे होती. काही मिनिटांतच तिच्या मागच्या भागावर गोळा बसला. तिथे टॉर्पेडो होते, विमानं आणि त्यांचं इंधन होतं. आग लागली, मग प्रचंड स्फोट, मग आणखी एक. ती बुडाली. तिच्यावरच्या साडेतीनशेंपैकी शहात्तर जण मेले, कप्तानही त्यांत होते.

तो गोळा कोणाचा? 'बेंगॉल'वरच्यांचं म्हणणं आमचा. 'ओन्डिना'च्या तोफखान्याचं म्हणणं आमचा. ऐंशी वर्षं उलटली तरी भारतीय, डच आणि ऑस्ट्रेलियन लेखक आपापल्या बाजूने मांडणी करतात. मला या वादात रस कमी आहे. त्यापेक्षा 'होकोकू मारू' एवढ्या सहज का गेली, हे बघणं जास्त शिकवतं. प्रवासी जहाजावर तोफा चढवल्या म्हणून ती युद्धनौका होत नाही. अंगाला चिलखत नव्हतं आणि स्फोटक सामान उघड्यावर होतं. दुबळ्या सावजावर झडप घालायला ती पुरेशी होती. सावजानेच नेम धरला तर काय, याचा विचार बांधणीत नव्हता.

मग टँकरचं काय झालं?

'आइकोकू मारू' तर शाबूत होती. 'बेंगॉल'ला मार बसला होता आणि दारूगोळा संपत आला होता. विल्सन यांनी धुराचा पडदा सोडला आणि त्याआड माघार घेतली. मागे पाहताना त्यांना 'ओन्डिना' गोळ्यांच्या माऱ्यात सापडलेली दिसली. ती गेली, असाच त्यांचा समज झाला. १७ नोव्हेंबरला 'बेंगॉल' दिएगो गार्सियाला पोचली, तोवर टँकर बुडाल्याचं कळवून झालं होतं.

इकडे 'ओन्डिना'चे बत्तीस गोळे संपले. होर्समन यांनी जहाज सोडायचा हुकूम दिला आणि त्याच सुमारास ब्रिजवर बसलेल्या गोळ्याच्या तुकड्याने ते ठार झाले. माणसं लाइफबोटींत उतरली. जपानी जहाजाने जवळ येऊन टँकरच्या कुशीत दोन टॉर्पेडो मारले आणि मग होड्यांवर मशीनगन चालवली. त्यातही काही जण मेले. नंतर 'आइकोकू मारू' आपल्या जोडीदाराची वाचलेली माणसं गोळा करायला वळली, जाताना टँकरकडे आणखी एक टॉर्पेडो सोडला, तो चुकला.

टँकर बुडाला नाही. त्याच्या टाक्या रिकाम्या होत्या, तेल भरायला तर चालला होता. फुटलेल्या टाक्यांत पाणी शिरलं, जहाज एका बाजूला चांगलंच कललं, पण उरलेल्या टाक्यांतल्या हवेने ते तरंगत राहिलं. परतीच्या वाटेवर तेलाने भरलेलं असतं तर दोन टॉर्पेडोंनंतर काय झालं असतं, ते सांगायला तज्ज्ञ नको. जपानी जहाज दिसेनासं झाल्यावर होड्यांतली माणसं, बरीचशी चिनी खलाशी आणि त्यांचे डच अधिकारी, परत जहाजावर चढली. त्यांनी आग विझवली, दुसऱ्या बाजूच्या टाक्यांत पाणी घेऊन जहाज सरळ केलं, इंजिन सुरू केलं आणि फ्रीमँटलची वाट धरली.

त्यातही एक गंमत, तीही कडवट. जखमींसाठी डॉक्टर हवा होता, पण जहाज सोडताना सांकेतिक पुस्तकं समुद्रात फेकून दिलेली. संदेश साध्या इंग्रजीत गेला. किनाऱ्यावरच्यांना वाटलं, हा जपान्यांचा डाव असणार, कारण 'ओन्डिना' तर बुडाली आहे, तसं 'बेंगॉल'नेच कळवलंय! अखेर खातरजमा झाली आणि १८ नोव्हेंबरला टँकर फ्रीमँटलला पोचला.

आता राखणदाराच्या मापाने बघा. 'बेंगॉल'च्या एकाही माणसाचा जीव गेला नाही. शत्रूचं एक जहाज गेलं. टँकर वाचला, पण ज्या क्षणी तो वाचला, त्या क्षणी राखणदार तिथे नव्हता. मी हे विल्सन यांना कमीपणा आणायला म्हणत नाही. त्यांनी सुरुवातीची काही मिनिटं शत्रूच्या तोफा आपल्याकडे ओढल्या नसत्या, तर दोन्ही जहाजांनी मिळून टँकरचा फडशा पाडला असता. विल्सन यांना शौर्यपदक मिळालं, ते योग्यच. पण या लढाईत 'बेंगॉल'इतकंच श्रेय टँकरच्या खलाशांचंही आहे, आणि आपल्याकडच्या गौरवलेखांत त्यांना एखादं वाक्यच मिळतं.

राखणदाराचा सर्वात वाईट दिवस

माप मालाचं असेल, तर ते किती निष्ठुर होऊ शकतं, याचं उदाहरण १२ फेब्रुवारी १९४४ चं. मोंबासाहून कोलंबोकडे निघालेल्या काफिल्यात 'खेदिव इस्माइल' हे सैनिकवाहू जहाज होतं. त्यावर पूर्व आफ्रिकी सैनिक, ब्रिटिश नौसैनिक आणि परिचारिका. मालदीवजवळ जपानी पाणबुडी 'आय-२७' ने त्यावर टॉर्पेडो मारले आणि जहाज दोन मिनिटांच्या आत बुडालं. १,२९७ माणसं गेली.

जी पाण्यात तरंगत होती, त्यांच्या खालीच पाणबुडी दबा धरून बसली होती. पाठीमागे काफिल्यातली बाकीची जहाजं. 'पेटार्ड' आणि 'पॅलाडिन' या राखणदार विनाशिकांपुढे पर्याय काय? पाण्यातली माणसं उचलत बसावं, तर पाणबुडी पुढचं जहाज फोडणार. 'पेटार्ड'ने डेप्थ चार्ज टाकले. पाण्यात फुटणारा डेप्थ चार्ज जवळच्या पोहणाऱ्याला जगू देत नाही, हे टाकणाऱ्यांना माहीत होतं. पाणबुडी शेवटी वर आली आणि 'पेटार्ड'च्या टॉर्पेडोने बुडाली. तो निर्णय बरोबर होता असं पुस्तकं म्हणतात. मला ते नाकारता येत नाही आणि शांतपणे मान्यही करता येत नाही.

आदल्याच दिवशी, ११ फेब्रुवारीला, बंगालच्या उपसागरात मात्र सगळं जमून आलं होतं. कोलंबोहून कलकत्त्याला निघालेल्या जेसी-३६ या काफिल्यावर 'आरओ-११०' पाणबुडी चालून आली, आणि 'जमना' या भारतीय स्लूपने 'लाँसेस्टन' व 'इप्सविच' या दोन ऑस्ट्रेलियन कॉर्व्हेटच्या साथीने विशाखापट्टणमजवळ तिला बुडवलं. त्या दोन्ही कॉर्व्हेट 'बेंगॉल'च्याच वर्गातल्या. ज्या कामासाठी त्या बांधल्या होत्या, तेच काम. सहा महिन्यांनी सेशेल्सजवळ 'गोदावरी'ने ब्रिटिश 'फाइंडहॉर्न'सोबत जर्मन 'यू-१९८' बुडवली. पण राखणीच्या बहुतेक फेऱ्या अशा नसत. पंधरा दिवस उकाड्यात, अंगाचं पाणी होईपर्यंत पहारा द्यायचा, एकही पाणबुडी दिसायची नाही, आणि बंदरात जहाजं मोजून भरली की पुढची फेरी. ज्या फेरीत सांगण्यासारखं काही घडलं नाही, तीच खरी यशस्वी फेरी. म्हणूनच त्यांच्या गोष्टी उरल्या नाहीत.

आणि राखणदाराची हद्द बंदराच्या तोंडाशी संपते. 'फोर्ट स्टिकिन' हे मालवाहू जहाज पाणबुड्यांच्या सगळ्या वाटा ओलांडून इंग्लंडहून मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत सुखरूप आलं होतं, पोटात दारूगोळा आणि कापूस एकत्र घेऊन. १४ एप्रिल १९४४ ला गोदीतच त्याचा प्रचंड स्फोट झाला, ते मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

माणसं

युद्ध सुरू झालं तेव्हा रॉयल इंडियन नेव्हीत दोन हजारही माणसं नव्हती. संपलं तेव्हा आकडा तीस हजारांच्या घरात गेला होता. युद्धापूर्वीच्या भरतीत रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरची मुलं, विशेषतः कोकणी मुसलमान घरांतली, बरीच असत. ज्यांची राखण करायची, त्या व्यापारी जहाजांवरही तीच वस्ती. डेकवर कोकणातले खलाशी, त्यांच्यावर तांडेल आणि सारंग, आणि खानपानाच्या कामाला गोव्याची माणसं. एकाच गावातला एक भाऊ राखणदार जहाजावर आणि दुसरा मालवाहू जहाजावर, हे सहज शक्य होतं.

दोघांपैकी कोण जास्त मेले? मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये मृतांच्या नावांचं एक पुस्तक आहे, तशीच प्रत चितगावला. रॉयल इंडियन नेव्हीची सुमारे ४०० नावं, आणि भारतीय व्यापारी नौदलाची जवळपास ६,०००. व्यापारी खलाशी संख्येनेही पुष्कळ जास्त होते आणि साऱ्या जगाच्या समुद्रांवर विखुरलेले होते, त्यामुळे ही थेट तुलना नाही. तरीही टॉर्पेडो कोणाच्या अंगावर येत होते, ते या दोन आकड्यांत दिसतं.

जे परतले, त्यांच्या वाट्याला निकृष्ट जेवण, गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ आणि रेंगाळलेली सेवामुक्ती आली. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत कुलाब्याच्या 'तलवार' या संदेशवहन शाळेतून बंड पेटलं आणि बंदरातल्या जहाजांवर पसरलं, त्यामागे ही माणसं होती.

जहाजांचं पुढे काय झालं, तेही सांगून टाकतो. 'आइकोकू मारू' फेब्रुवारी १९४४ मध्ये ट्रुक बेटांवरच्या अमेरिकी विमानहल्ल्यात बुडाली. 'ओन्डिना' दुरुस्त होऊन युद्धानंतरही तेल वाहत राहिली. 'बेंगॉल' स्वतंत्र भारताच्या नौदलात आली आणि १९६० च्या सुमारास भंगारात निघाली. फाळणीत 'गोदावरी' आणि 'नर्मदा' पाकिस्तानला गेल्या, 'जमना', 'सतलज', 'कावेरी' आणि 'कृष्णा' भारताकडे राहिल्या. त्यांतली 'कावेरी' गोवामुक्तीच्या कारवाईत, १८ डिसेंबर १९६१ ला, 'बेतवा' आणि 'बियास' या नव्या फ्रिगेटसोबत मुरगावच्या तोंडावर तैनात होती. आत पोर्तुगिजांचं 'अफोन्सो द अल्बुकर्क' हे तीसच्या दशकातलं जुनं जहाज उभं होतं. महायुद्धात काफिल्यांची राखण करायला बांधलेल्या 'कावेरी'ला त्या दिवशी कोणाची राखण करायची नव्हती.